लॅपटॉप अचानक बंद, कुलवृत्ताचं सगळं काम आत अडकलंय (इंदूर)

मल्हारगंजकर

नमस्कार मंडळी. परवाच्या वादळी पावसात लाईट सारखी ये-जा करत होती. शेवटी लाईट आली, पण बाबांचा लॅपटॉप काही उठला नाही. चार्जरचा दिवा लागतो, मशीनचा नाही. पंखा नाही, आवाज नाही, काहीच नाही.

जेल रोडला एका दुकानात दाखवला. झाकण न उघडताच निदान झालं : "भिया, बोर्ड गया. बनवा देंगे, नई विंडोज डाल देंगे, डेटा की गारंटी नहीं." मशीन अजून त्याच्याचकडे आहे. उद्या दुपारपर्यंत होय-नाही सांगायचंय.

मशीनचं एवढं काही नाही. आत आमच्या कुलवृत्ताची नवी आवृत्ती आहे. आधीची पुण्याच्या मंडळींनी काढली होती, त्यात इंदूर, देवास, धार आणि बडोदं मिळून दोन पानांत उरकलं होतं. म्हणून बाबांनी निवृत्तीनंतर हे अंगावर घेतलं. वंशावळीचे तक्ते, घरोघरी फिरून भरून घेतलेले माहितीचे फॉर्म, मोडी कागदांचे स्कॅन, शिवाय फार पूर्वी एका टायपिस्टकडून करून घेतलेला मजकूर. अक्षय्य तृतीयेपर्यंतची प्रत पेन ड्राइव्हवर आहे. त्यानंतर आलेलं बडोद्याचं सगळं आणि देवासच्या धाकट्या पातीकडच्या (जुन्या दोन संस्थानांपैकी धाकट्या) घरांच्या दुरुस्त्या फक्त या मशीनमध्ये. छापखान्याला दसऱ्याच्या आत द्यायचंय.

विंडोज ११ आहे, वॉरंटी संपलेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.

गराडूप्रेमी

आधी मशीन परत आणा. उद्या दुपारी नाही, दुकान उघडल्या-उघडल्या.

लॅपटॉप दुरुस्त करणं आणि फायली वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानदार ती एकत्र बांधतो, कारण त्याचा धंदा पहिल्या कामावर चालतो. चालू मशीन तुमच्या हातात दिलं की तो मोकळा. लाईटच्या झटक्याने चार्जिंगचा भाग किंवा बोर्ड जातो, डिस्क बहुतेकदा धडधाकट राहते. खरा धोका त्या "नई विंडोज"चा आहे. जुन्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर फॉरमॅट झालं तरी रिकव्हरी सॉफ्टवेअर बरंच काही वर काढतं. एसएसडीवर (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) फॉरमॅट मारलं की विंडोज तिला ट्रिमचा आदेश देते, 'या जागा आता रिकाम्या समज', आणि डिस्क त्या खरोखर साफ करून टाकते. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा, हाती शून्य.

दुकानात एवढंच म्हणा : बोर्डाचं नंतर बघू, डिस्क जशीच्या तशी हवी.

खटपट्या

गराडूप्रेमींना +१. मशीन घरी आलं की उघडण्याआधी थोडी झाडाझडती घ्या. चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा-एक मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करून बघा. झटक्यानंतर बोर्डात अडकलेला चार्ज निघून गेला की काही मशीन उठतात. दुसऱ्याचा त्याच वॅटचा चार्जर लावून बघा. अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. आत पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय, मशीन जिवंत आहे. तसं असेल तर एचडीएमआयने टीव्हीला जोडा आणि फायली काढून घ्या.

तुमच्याकडे पंखाही फिरत नाही म्हणता, त्यामुळे फार आशा नाही, पण हे फुकटात होतं.

काडीपेटी

क्लाउडवर ठेवलं असतं तर हा धागाच निघाला नसता. आजच्या काळात पेन ड्राइव्ह?

सूरसागरकाठी

काडीपेटी, नावाला जागलात. कुलवृत्तात जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन, कोण कुणाला दत्तक गेलं, कुणाचं लग्न मोडलं हे सगळं असतं. लोकांनी ते विश्वासाने दिलेलं असतं. हे कुठल्या खात्यात चढवावं का, असा प्रश्न बाबांना पडला असेल तर त्यात जुनाटपणा नाही.

मल्हारगंजकर, मी बडोद्याची, आमच्या घरचंही कुलवृत्त झालंय म्हणून सांगते. मशीन उघडण्याआधी फोनवरूनच दोन जागा बघा. विंडोज ११ सुरुवातीलाच डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) जोडायला सुचवते, आणि घाईत 'पुढे' दाबत गेलं की ते जोडलंही जातं. फुकट जागा ५ जीबीच, त्यामुळे स्कॅन चढले नसतील, पण वर्डच्या फायली हलक्या असतात. दुसरं, फायली जिथून आल्या तिथे त्या अजून असतातच. बडोद्याचे फॉर्म व्हॉट्सॲपवर आले असतील तर पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये आहेत. छापखान्याला नमुना म्हणून काही प्रकरणं मेल केली असतील तर 'पाठवलेले'मध्ये आहेत. आमच्या वेळी अर्धं प्रकरण अशा मेलमधूनच परत मिळालं होतं.

मल्हारगंजकर

मशीन आणलं. दुकानदार थोडा फुगला, पण दिलं. खटपट्यांचे सगळे प्रयोग झाले, मशीन ढिम्म. वनड्राइव्हचं खातं कुठलं हेच बाबांना आठवत नाही. घेताना दुकानातल्या पोराने सगळं 'सेट करून' दिलं होतं. मेलमध्ये मात्र छापखान्याला पाठवलेले वंशावळीचे पाच तक्ते सापडले. सूरसागरकाठी ताई, मनापासून आभार. बडोद्याच्या आत्याला फोन केलाय, ती व्हॉट्सॲप चाळतेय.

पाटपाणी

डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची आणि सकाळी लावायची. माझ्या मित्राची चालली होती.

लष्करवाला

पाटपाणी, कृपा करून नको. ही युक्ती जुन्या हार्ड डिस्कच्या काळातली, तेव्हाही ती जुगारच होती. बाहेर काढली की हवेतलं बाष्प थंड डिस्कवर जमतं, तबकडीवर ते फार वाईट. एसएसडीत तर थंड करायला फिरणारं काही नसतंच.

मल्हारगंजकर, ग्वाल्हेरहून सांगतो, हे घरी जमण्यासारखं आहे. चार्जर काढा. तळाचे स्क्रू लहान फिलिप्सने काढा, त्यांची लांबी वेगवेगळी असते, तेव्हा कागदावर मशीनचा आकार काढून ज्याच्या-त्याच्या जागी ठेवा. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, जुनं एटीएम कार्ड वापरा. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. मग डिस्क शोधा : २२ मिमी रुंद, बहुधा ८० मिमी लांब चपटी पट्टी, टोकाला एकच बारीक स्क्रू. तो काढला की पट्टी आपोआप तिरकी वर उठते. तिला तशीच तिरकी धरून ओढायचं, सरळ वर नाही.

आता खाचा बघा. सोनेरी दातांत एकच खाच असेल तर ती बहुतेक एनव्हीएमई (नवी, वेगवान जात). दोन असतील तर बहुधा साटा (जुनी जात). दुकानात केसिंग (पट्टी यूएसबीने दुसऱ्या मशीनला जोडायची डबी) मागताना हे सांगावंच लागतं, कारण नुसत्या एनव्हीएमईच्या केसिंगमध्ये साटाची पट्टी बसते पण दिसत नाही, आणि माणूस समजतो डिस्कच मेली. दोन्ही चालणारं केसिंग मिळतं, थोडं महाग. तुमच्याकडे सिल्वर मॉलला मिळायला हरकत नाही.

काही पातळ मशीनमध्ये आणि आजच्या मॅकबुकांमध्ये साठवणुकीच्या चिप बोर्डालाच डाखलेल्या असतात. तिथे हा मार्ग बंद. बोर्ड जिवंत करूनच फायली निघतात, आणि ते चिप पातळीवर काम करणाऱ्या कारागिराचं काम. फॉरमॅट मारणाऱ्याच्या हाती ते देऊ नये.

मल्हारगंजकर

उघडलं. पट्टी आहे, खाच एक. केसिंग आणलं, माझ्या लॅपटॉपला लावलं. डिस्क दिसते, पण तिच्यावर कुलूप! ४८ आकडी रिकव्हरी की मागतंय. बाबा शपथेवर सांगतात की त्यांनी कुठलंही कुलूप लावलेलं नाही. दुकानदाराने सूड उगवला की काय?

खटपट्या

दुकानदार निर्दोष. हे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचंच डिस्कला लागणारं कुलूप. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, होम आवृत्तीतही. २०२४ च्या २४एच२ या विंडोज आवृत्तीपासून तर नव्या मशीनवर हे आणखी सर्रास झालंय. रोज वापरताना कळत नाही, कारण किल्ली त्याच मशीनच्या टीपीएममध्ये (सुरक्षेच्या चिपमध्ये) असते आणि ती गुपचूप लावली जाते. डिस्क दुसरीकडे नेली की किल्ली मागे राहते.

हे कुलूप फोडून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पण आपोआप लागलेलं असेल तर किल्लीची प्रत त्या खात्यात चढलेली असते. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या साइटवर डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की असं पान आहे. तिथे एकाहून जास्त किल्ल्या दिसल्या तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा.

सगळा प्रश्न आता 'खातं कुठलं' यावर आलाय. लॅपटॉप घेतल्याच्या दिवसांतले एसएमएस शोधा, पडताळणीचा कोड बाबांच्याच नंबरवर आला असणार.

गराडूप्रेमी

बिल आणि खोकंही बघा. दुकानातली पोरं ईमेल-पासवर्ड कुठेतरी खरडून ठेवतात.

मल्हारगंजकर

गराडूप्रेमी, तुम्हाला छप्पन दुकानवर पोहे-जिलबी लागू!

खोकं माळ्यावर होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या बॉलपेनने ईमेल, बाबांचं नाव आणि जन्मसाल जोडून केलेला. पासवर्ड चालला नाही, पण बाबांच्या मोबाइलवर कोड मागवून बदलता आला. आत एकच किल्ली, आयडी जुळला. आठ गट, प्रत्येकात सहा आकडे. आईने वाचून दाखवले, मी टाइप केले. उघडलं!

बाबांच्या फोल्डरवर 'परवानगी नाही' आलं, पुढे जा म्हटल्यावर थोडा वेळ घेऊन तेही उघडलं. आता दोन अडचणी. एक, ज्या संध्याकाळी लाईट गेली त्या दिवसाच्या दुरुस्त्या फाइलमध्ये नाहीत. दोन, टायपिस्टकडचा जुना मजकूर माझ्या मशीनवर इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा नुसता कचरा दिसतोय. फाइल बिघडली का?

खटपट्या

एक : वर्ड दर दहा मिनिटांनी तात्पुरती प्रत ठेवतं. एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या फायली दाखवा असं करा, मग जुन्या डिस्कवर बाबांच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड. तिथे एएसडी शेपटाची फाइल असेल. आधी कॉपी करा, मग वर्डमधूनच उघडा आणि लगेच नव्या नावाने सेव्ह करा.

दोनसाठी जुनी_लिपी यांना हाक मारतो.

जुनी_लिपी

आले. फाइल ठणठणीत आहे, घाबरू नका. आणि कृपा करून ती उघडून 'सगळा फॉन्ट मंगल' (विंडोजचा युनिकोड फॉन्ट) करून सेव्ह करू नका.

युनिकोड (आजची, सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरपद्धत) रुळण्याआधी कृतिदेव, श्रीलिपी, आकृती असे फॉन्ट चालायचे. त्यात फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. कृतिदेवमध्ये 'भारत' म्हणजे आत एच, के, के, जे, आर. फॉन्ट नसलेल्या मशीनवर हेच उघडं पडतं. पाट्या आणि लग्नपत्रिकांपासून कोर्टाच्या अर्जांपर्यंत इंदूरचं टायपिंग वर्षानुवर्षं कृतिदेवमध्ये चाललं, तेव्हा तुमचंही तेच असण्याची शक्यता जास्त. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवा, वर फॉन्टच्या चौकटीत नाव दिसेल.

फॉन्ट जुन्या डिस्कवर असणारच, तो सोडून देऊ नका. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये बघा. तिथे नसेल तर ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. अलीकडच्या विंडोजमध्ये एकट्या वापरकर्त्यापुरते टाकलेले फॉन्ट तिथे जातात आणि लोकांना सापडत नाहीत. कॉपी करून आपल्या मशीनवर बसवा, कचऱ्याचा मजकूर होईल.

मग युनिकोडमध्ये बदलायचं असेल तर खरं काम सुरू. कन्व्हर्टर बरेच आहेत, पण पुष्कळसे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले. ते 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' करतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठते, त्यामुळे जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्यावर जाऊन बसते. रफारही तसाच घसरतो. गोष्टीच्या पुस्तकात वाचक सांभाळून घेतो, कुलवृत्तात आजोबांच्या नावाची वेलांटी हलली तर घरं दुखावतात. मी करते ते असं : आधी जुन्या फॉन्टमध्ये पीडीएफ काढून ठेवते, मग बदललेला मजकूर त्या पीडीएफशी दोघांनी मिळून ताडायचा, एकाने मोठ्याने वाचायचं.

घाई असेल तर जुनी प्रकरणं जुन्याच फॉन्टमध्ये राहू द्या. छापखान्याला फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ द्या, नुसती वर्डची फाइल नको. त्यांच्याकडे त्याच नावाचा पण वेगळा फॉन्ट असला की आकडे आणि चिन्हं बदललेली छापून येतात, आणि हे कुणाच्या लक्षात येतं पुस्तक हातात पडल्यावर.

काडीपेटी

ही माहिती मात्र मानली. वाखू (वाचनखूण) साठवली.

पाटपाणी

अवांतर विचारतो. माझी एक जुनी बाहेरची हार्ड डिस्क आहे, मुलीच्या लहानपणीचे सगळे फोटो. लावली की टक्-टक् आवाज येतो आणि दिसत नाही. फ्रीजरमध्ये ठेवलेली नाही, देवाशपथ.

लष्करवाला

तो आवाज म्हणजे वाचणारं डोकं जागा शोधतंय आणि सापडत नाहीये. पुन्हा लावू नका. एकदाही नाही. चालू डिस्कमध्ये डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते बिघडून तबकडीवर घासायला लागलं तर तिथला लेप खरवडला जातो, आणि गेलेला लेप कुठलीही लॅब परत आणत नाही. घरी उघडू नका, धुळीचा कण पुरतो.

हे लॅबचंच काम, धूळमुक्त खोलीतलं. स्वस्त नाही. आधी विचारा : तपासणीचे किती, काहीच निघालं नाही तर किती, आणि पैसे भरण्याआधी निघालेल्या फायलींची यादी दाखवता का. लेखी घ्या. आधी कुणी सील फोडलंय का हे ते बघतात, म्हणून गल्लीतल्या ओळखीच्याकडे 'जरा बघ' म्हणून देऊ नका.

आवाज येत नसेल, डिस्क दिसत असेल पण कॉपी करताना मध्येच लटकत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे विंडोजचं चेकडिस्क चालवायचं नाही, ते दुरुस्तीच्या नावाखाली मरणाऱ्या डिस्कवर लिहीत सुटतं. लिनक्सचं डीडीरेस्क्यू घ्या. ते आधी सोपे भाग उचलतं, अडणारे नंतरसाठी ठेवतं, कुठवर आलो याची नोंद राखतं. सगळी प्रतिमा (डिस्कची हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर आली की फोटो त्या प्रतिमेतून शोधायचे, त्यासाठी फोटोरेक हे सॉफ्टवेअर आहेच. मूळ डिस्कला परत हात लावायचा नाही.

पाटपाणी

डिस्क कपाटात ठेवली. मुंबईला भाऊ आहे, त्याला तिथल्या लॅबचे भाव विचारायला सांगतो.

सूरसागरकाठी

कुरिअर करण्यापेक्षा कुणी जाणारं असेल तर हातात द्या, खाली आपटली तर आणखी पंचाईत. मल्हारगंजकर, आत्या काय म्हणाली?

मल्हारगंजकर

आत्याच्या फोनमधून बडोद्याचे जवळजवळ सगळे फॉर्म परत आले, तोवर डिस्कही उघडली होती. आता दोन-दोन प्रती. एएसडी फाइल सापडली, बाबांच्या म्हणण्याप्रमाणे शेवटचा एक परिच्छेद सोडून सगळं आहे. फॉन्ट कृतिदेवच निघाला, जुन्या डिस्कवर दुसऱ्या जागी होता. जुनी_लिपी ताईंच्या सांगण्यावरून जुनी प्रकरणं आहेत तशीच पीडीएफमध्ये देतोय. आई वाचते, बाबा ताडतात आणि मधेच भांडतात, कारण वाचताना तिला माहेरच्या चुका सापडताहेत.

बोर्डाचा अंदाज दुसऱ्या एकाकडून घेतला. चार्जिंगची चिप बदलून होईल म्हणतो, डिस्क मागितलीसुद्धा नाही. मशीन त्याच्याकडे दिलंय, डिस्क घरी.

गराडूप्रेमी

उत्तम. बोर्ड होऊन आला आणि डिस्क परत बसवली की ती किल्ली कदाचित एकदा पुन्हा मागेल, तेव्हा दचकू नका. ४८ आकडे कागदावर लिहून बाबांच्या डायरीत ठेवा.

धारकरीण

मी फक्त वाचत होते, पण आजच आमचाही बंद पडलाय. मल्हारगंजकर, ते केसिंग रिकामं असेल तर उसनं मिळेल का? सुदामानगरला राहते.

मल्हारगंजकर

मिळेल, रविवारी घेऊन जा. पण आधी मागचं झाकण उघडून बघा. अडीच इंची चौकोनी डिस्क निघाली तर याचा उपयोग नाही, तिला साटा-यूएसबी केबल लागते आणि ती माझ्याकडे नाही.

खटपट्या

केबल माझ्याकडे आहे. राजवाड्याजवळच असतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.